आपलंच घर समजा!

‘आपलंच घर समजा’ हे वाक्य मराठी यजमान पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आला आहे आणि मराठी पाहुण्याने ते पिढ्यान्‌पिढ्या मनावर घेतलेलं नाही. दोघांच्या या समजूतदारपणावरच आपलं आदरातिथ्य टिकून आहे. पाहुण्याने खरंच मनावर घेतलं, लोणच्याची बरणी स्वतः काढली, पंखा पाचावर नेला आणि यजमानांच्या आरामखुर्चीत बसून रिमोट हातात घेतला, तर तिसऱ्या दिवशी यजमानीणबाई माहेरी जातील. हे वाक्य अक्षरशः पाळणारा यजमान जगात एकच आहे आणि तो माणूस नाही. त्याचं नाव हायपरवायझर. एका संगणकाच्या पोटात अनेक आभासी संगणक नांदवणारी ही व्यवस्था. प्रत्येक आभासी संगणकात कुठे विंडोज, कुठे लिनक्स राहत असतं आणि ही मेमरी, ही डिस्क, हे प्रोसेसर सगळं आपलं एकट्याचं आहे अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. पलीकडच्या खोलीत आणखी सात जण हीच समजूत करून घेऊन पाय पसरून बसले आहेत, हे त्याच्या गावीही नसतं. संगणकवाल्यांनी नावंही नेमकी हीच ठेवली आहेत : वरचा तो ‘गेस्ट’, म्हणजे पाहुणा, खालचा तो ‘होस्ट’, म्हणजे यजमान.

या घरात वाढायचं काम प्रोसेसरमधल्या कोअरकडे असतं. पंगती अनेक, वाढपी मोजके; म्हणून यजमान एकाच वाढप्याला क्षणभर या पंगतीत फिरवतो, क्षणभर त्या. पूर्वी सगळे वाढपी एका मापाचे असत, त्यामुळे कोण कुठे गेला याने फरक पडत नसे. मग ऑक्टोबर २०११मध्ये आर्म कंपनीने ‘बिग-लिटल’ ही योजना जाहीर केली. एकाच चिपमध्ये कॉर्टेक्स-ए१५ हा दांडगा कोअर आणि कॉर्टेक्स-ए७ हा काटकसरी कोअर. हेतू हा की मोबाइलची बॅटरी अधिक पुरावी. इंग्रजीत या नावातलं ‘बिग’ लहान अक्षरांत आणि ‘लिटल’ मोठ्या अक्षरांत छापतात. देवनागरीला हा विनोद जमत नाही, कारण आपल्या लिपीत थोरली आणि धाकटी अक्षरं असा भेदच नाही. दहा वर्षांनी, नोव्हेंबर २०२१मध्ये, इंटेलची ‘ॲल्डर लेक’ ही बाराव्या पिढीची मालिका आली. तिच्यातल्या आय-९ १२९००के या प्रोसेसरमध्ये ८ दांडगे आणि ८ काटकसरी असे १६ कोअर. दांडगा ५.२ गिगाहर्ट्‌झपर्यंत धावतो, काटकसरी ३.९पर्यंत, शिवाय दांडगा एका ठोक्यात कामही जास्त उरकतो. पहिल्याला इंटेल ‘परफॉर्मन्स’ कोअर म्हणते, दुसऱ्याला ‘एफिशियंट’. ‘मंद’ हा शब्द कुठेही सापडणार नाही. स्थळ सुचवणारे काका ‘मुलगा शांत आहे’ म्हणतात, तसं हे ‘एफिशियंट’.

आता प्रश्न असा की, दांडगा कोणता आणि शांत कोणता हे यजमान ओळखतो कसं? ऐकताना वाटतं, सगळी मेख या ओळखण्यातच असणार. माझं म्हणणं उलट आहे. ओळखणं सोपं, नडतं ते पुढचं. वाढपी कसा आहे हे ज्याला माहीत, त्याला पाहुण्याची भूक माहीत नसते. आणि ज्याला भूक माहीत, त्याला वाढपी दिसत नाही. या दोन अज्ञानांच्या मधोमध हायपरवायझर हसतमुखाने उभा असतो, आणि अशा वेळी सभ्य यजमान जे करतो तेच करतो : सगळे वाढपी सारखेच आहेत असं समजून चालतो.

आधी ओळखण्याचं बघू. इंटेलच्या कोअरला ‘तू कोण?’ असं विचारायला ‘सीपीयूआयडी’ नावाची आज्ञा आहे. घरात मिश्र नोकरवर्ग आहे की नाही, हे तिच्या सातव्या पानावरचा एक बिट सांगतो. मग ‘१ए’ क्रमांकाचं पान उघडायचं. तिथे सोळाच्या मोजणीतलं ४० आलं तर दांडगा, २० आलं तर काटकसरी. काटकसऱ्याचं तिथलं नाव अजूनही ‘ॲटम’च आहे. २००८मध्ये चिमुकल्या स्वस्त लॅपटॉपसाठी जे ॲटम प्रोसेसर आले, त्यांच्या घराण्यातला हा मुलगा; शिकला, शहरात आला, ‘एफिशियंट’ झाला, पण दप्तरी नोंद गावच्या नावानेच राहिली. गंमत अशी की ही आज्ञा ज्या कोअरवर चालते, फक्त त्याच्याबद्दल सांगते. म्हणजे जनगणनेला आलेल्या मास्तरांसारखं प्रत्येकाच्या दारात जाऊन उभं राहायला लागतं. नाक्यावरच्या टपरीवर बसून अख्ख्या आळीची माहिती भरता येत नाही. यजमानाला हे जमतं, कारण घर त्याचं आहे. पाहुण्याला जमत नाही. पाहुण्याने ही आज्ञा दिली की इंटेलच्या रचनेप्रमाणे कारभार तिथल्या तिथे हायपरवायझरच्या हाती जातो आणि उत्तर तोच देतो. पाहुणा वाढप्याला विचारतो, ‘नाव काय रे तुझं?’ आणि पडद्याआडून यजमानांचा आवाज येतो, ‘वाढपी. सगळ्यांचं नाव वाढपी. तुम्ही सावकाश होऊ द्या.’

आर्मच्या घरात प्रत्येक कोअरच्या छातीवर ‘एमआयडीआर’ नावाची पाटी असते. तीवरून हा कॉर्टेक्स-ए५३ की ए५७, हे कळतं. पण पाटीवर नाव असतं, वेग नसतो. आणि ‘बलभीम’ नावाचे किती लोक सायकलच्या पंपाला घाबरतात हे आपण जाणतो. शिवाय पाहुण्याला दिसणारी पाटी कोणती असावी, हे ठरवायची सोय यजमानाकडे दिलेली आहेच. मग वेग कुठून कळतो? तो पत्रिकेत लिहिलेला असतो. यंत्रात काय-काय आहे ते सांगणारी ‘डिव्हाइस ट्री’ नावाची एक कुंडली लिनक्सला सुरुवातीलाच मिळते आणि तीत प्रत्येक कोअरची कुवत आकड्यात मांडलेली असते. आर्मच्याच ‘जुनो’ या बोर्डाचं उदाहरण घ्या. तिथे ए५७ची कुवत १०२४ आणि ए५३ची ५७८ लिहिली आहे. दोघांचा कमाल ठोका ११०० आणि ८५० मेगाहर्ट्‌झ, म्हणून त्रैराशिक मांडून ए५३च्या पदरात शेवटी ४४६ गुण पडतात. हे गुण ज्या परीक्षेच्या मापात मोजतात, ती ड्राइस्टोन नावाची चाचणी १९८४ सालची. म्हणजे आजचा कोअर जलद की संथ, हे चाळीस वर्षांपूर्वीच्या प्रश्नपत्रिकेवर ठरतं आणि निकाल बोर्ड बनवणारा माणूस हाताने पत्रिकेत उतरवतो. आपल्याकडे पत्रिका जुळवून झालेली लग्नं बघता, हे अगदीच अशास्त्रीय म्हणता येणार नाही.

पण पाटी वाचली, पत्रिका पाहिली, तरी ‘जलद’ म्हणजे काय हे ठरत नाही, हा माझा पहिला पुरावा. इंटेलच्या त्याच दांडग्या कोअरवर एका वेळी दोन कामं चालवता येतात, काटकसऱ्यावर एकच. आता दांडग्याच्या एका खांद्यावर ओझं असताना दुसरं काम आलं, तर ते दांडग्याच्या दुसऱ्या खांद्यावर द्यावं की रिकाम्या काटकसऱ्याला? रिकाम्या काटकसऱ्याला देणंच बहुधा शहाणपणाचं. दोन पंगतींत विभागलेल्या पैलवानापेक्षा एकाच पंगतीत लक्ष देणारा शांत मुलगा बरा. म्हणजे ‘जलद’ हा गुण कोअरचा राहिला नाही, तो त्याच्या शेजारपाजारावर अवलंबून झाला. एएमडीचं उदाहरण तर आणखी मजेदार आहे. २०२३च्या रायझन ९ ७९५०एक्स३डी या प्रोसेसरमध्ये आठ-आठ कोअरचे दोन गट आहेत. एका गटाजवळ ९६ मेगाबाइटचा कॅश, म्हणजे हाताशी भलामोठा कोठीघराचा साठा. दुसऱ्याजवळ ३२ मेगाबाइटचाच, पण त्याचा ठोका ५.७ गिगाहर्ट्‌झपर्यंत चढतो. यातला जलद कोण? अनेक व्हिडिओ गेमना कोठीघरवाला जलद वाटतो, नुसत्या आकडेमोडीला ठोकेवाला. दोघांचीही जात, आज्ञा, पाटी एकच. ‘जलद’ हे विशेषण वाढप्याला लावायचं की पंगतीला, हेच इथे ठरेना. जिलबी वाढायला हलका हात लागतो, वरण वाढायला जड. एकाच्या निकषावर दुसऱ्याला नापास करणारा यजमान मठ्ठच म्हणायचा.

मग खरोखरचे हायपरवायझर काय करतात? त्यांचे स्वभाव माणसांइतकेच निरनिराळे. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयला ॲल्डर लेकसारखा मिश्र प्रोसेसर दिला, तर तो घर उघडतानाच सगळ्या वाढप्यांना रांगेत उभं करून तपासतो, एकाला दोन खांदे आणि दुसऱ्याला एकच हे पाहतो आणि जांभळा पडदा पाडून बेशुद्ध होतो. ही तपासणी सौम्य करायला जो पर्याय द्यावा लागतो त्याचं नाव ‘सीपीयूयुनिफॉर्मिटीहार्डचेकपॅनिक’. असा सामासिक शब्द बाणभट्टालाही एका दमात जमला नसता. झेन हा हायपरवायझर केंब्रिजचा. त्याच्यावरचा पहिला गाजलेला शोधनिबंध २००३चा. आर्मच्या घरात त्याचा मूळ नियम असा की सकाळी जो कोअर सर्वांत आधी उठला तो घराचा नमुना. ज्यांची पाटी त्याच्यासारखी नाही त्यांना उठवायचंच नाही. चुकून धाकटा आधी जागा झाला, तर थोरले पैलवान दिवसभर पांघरुणातच. सगळ्यांना उठवायचा पर्यायही आहे, पण त्याच्या नावातच ‘अनसेफ’ लिहून झेनने आपले हात वर केले आहेत. आणि २०१९पासून झेनमध्ये मुख्य झालेला ‘क्रेडिट२’ हा वाटपकर्ता पाहुण्यांच्या खात्यावर वेळेचा हिशोब लिहितो, कामाचा नाही. दांडग्या वाढप्याकडून मिळालेले दहा मिलिसेकंद आणि शांत वाढप्याकडून मिळालेले दहा मिलिसेकंद खात्यात सारखेच. पगार हजेरीवर, ही व्यवस्था आपल्याला परकी वाटू नये.

हा सगळा यजमानाचा आळस आहे, असं म्हणणाऱ्यांनी २०१६ची एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सॅमसंगच्या एक्झिनॉस ८८९० या मोबाइल चिपमध्ये दांडग्या कोअरच्या कॅशची एक ओळ १२८ बाइटची होती आणि धाकट्याच्या कॅशची ६४ची. मोनो नावाची एक प्रणाली चालू व्हायची, एकदाच विचारायची, ‘तुमची ओळ किती लांब?’ आणि ते उत्तर जन्मभर जपून ठेवायची. विचारलं थोरल्याला, पुढे काम गेलं धाकट्याकडे. मग १२८-१२८च्या ढांगा टाकत साफसफाई करताना दर दुसरी ओळ तशीच राहायची आणि ॲप्लिकेशन काही कारण न सांगता कोसळायची. ॲल्डर लेकच्या बाबतीतही तेच संकट दारात होतं. तिथल्या दांडग्या कोअरच्या सिलिकॉनमध्ये एव्हीएक्स-५१२ नावाच्या जाडजूड आज्ञा होत्या, काटकसऱ्याकडे नव्हत्या. एखादं काम थोरल्याला पाहून त्या आज्ञा वापरू लागलं आणि मधेच धाकट्याकडे गेलं, तर धाकटा ‘हे मला शिकवलंच नाही’ म्हणून हात झटकणार. इंटेलने शेवटी थोरल्याच्याच त्या आज्ञा बंद केल्या. घरात एकाला गाता येतं आणि दुसऱ्याला येत नाही, म्हणून कुणीच गायचं नाही, हा तोडगा अनेक एकत्र कुटुंबांत पूर्वीपासून रूढ आहे. तेव्हा सगळे सारखे असल्याचा हट्ट हा यजमानाचा निव्वळ भाबडेपणा नाही. ‘आपलंच घर समजा’ हे वचन खोटं ठरू नये, यासाठी घातलेली ती अट आहे.

तरी या सभ्यपणाची किंमत असते, आणि ती पाहुणा भरतो. वाढपी वेळेवर आलाच नाही, तर तक्रार लिहायला पाहुण्याकडे ‘स्टील टाइम’ नावाचा रकाना आहे. मी तयार होतो पण मला कोअर मिळाला नाही, असा जेवढा वेळ गेला तो त्यात दिसतो. पण वाढपी वेळेवर आला आणि रमतगमत वाढू लागला, तर ते लिहायला रकानाच नाही. पाहुण्याच्या चार आभासी कोअरपैकी एक काही क्षण काटकसऱ्यावर बसला आणि नेमकी त्याच्याच हातात भांडारघराची किल्ली असली, तर दांडग्यांवर बसलेले उरलेले तिघे दाराशी ताटकळतात. आत पाहुणा आपल्याच घरच्यांवर संशय घेत बसतो. गंमत म्हणजे हे सगळं कायदेशीर आहे. १९७४मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी आभासी संगणकाच्या अटी मांडल्या. पाहुण्याला खऱ्या यंत्रावर आहोत असंच वाटलं पाहिजे, ही मुख्य अट. तिला त्यांनी सवलत दिली ती वेळेतल्या फरकाची आणि साधनं कमी मिळण्याची. सगळं काही हुबेहूब हवं, फक्त उशीर चालेल. कोकणातल्या आदरातिथ्याची याहून नेमकी व्याख्या कुठे सापडायची नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो जाणकारांचा : अहो, इंटेलने ‘थ्रेड डायरेक्टर’ दिला आहे ना! दिला आहे. प्रत्येक कोअरची कामगिरी आणि काटकसर ० ते २५५ गुणांत मांडणारा तक्ता तो मेमरीत लिहितो, तापमान आणि वीज पाहून बदलतोही, आणि चालू काम कोणत्या वर्गातलं आहे हेही सांगतो. ऑक्टोबर २०२१ला आलेलं विंडोज ११ त्याचा सल्ला घेतं. पण हा सल्लागार वाढप्याचा हात पाहून एवढंच सांगतो की सध्या वरण वाढलं जातंय की जिलबी. ते ताट नवरदेवाचं आहे की पंगतीत चुकून बसलेल्या इसमाचं, हे त्याला दिसत नाही. ते पाहुण्याच्या मनात असतं. आणि पाहुण्याचा अख्खा संसार यजमानाला चार आभासी कोअरच्या रूपात, चार बंद पाकिटांसारखा दिसतो. पाकिटाचं वजन कळतं, मजकूर कळत नाही. आतून बाहेरगावचा बॅकअप चालला आहे की कुणी माणूस बटण दाबून वाट बघतो आहे, हे वजनावरून कसं कळणार?

दुसरा आक्षेप सत्यवाद्यांचा : मग पाहुण्याला खरं सांगून टाका, दोन दांडगे, दोन शांत, तोच आपली कामं वाटून घेईल. तत्त्व उत्तम. पण सत्य एकदा सांगितलं की ते टिकवावं लागतं. ‘हा दांडगा’ म्हणून दाखवलेला आभासी कोअर मग कायम दांडग्यावरच बसवायला हवा, म्हणजे वाढपी या पंगतीतून त्या पंगतीत फिरवायचं यजमानाचं कसब संपलं. आणि पाहुण्याला झोपेतून न उठवता दुसऱ्या यंत्रावर हलवायची जी जादू हायपरवायझर करतो, तीही अडचणीत, कारण नव्या घरात तसलीच जोडी असेल कशावरून? तिसरा आक्षेप व्यवहारी माणसांचा : काटकसरी कोअर बंदच करा. होतात बंद, १६ वाढप्यांचे पैसे मोजून ८ जणांना घरी बसवायचं असेल तर. चौथा आक्षेप मोठ्या डेटा सेंटरवाल्यांचा : आमच्याकडे ही भानगडच नाही. खरं आहे. सर्व्हरसाठीच्या झिऑन ६ मालिकेत इंटेलने चुलीच वेगळ्या मांडल्या. जून २०२४मध्ये आलेल्या चिपमध्ये १४४पर्यंत कोअर, सगळे काटकसरी. दांडग्यांच्या चिप निराळ्या. पण याने माझंच म्हणणं सिद्ध होतं. ओळखणं हीच अडचण असती, तर ज्यांनी पाटी बनवली त्यांनी वेगळ्या चुली मांडल्या नसत्या. आणि मिश्र घरं काही संपलेली नाहीत. आजकाल पुष्कळ साध्या लॅपटॉपमध्येही सुरक्षेसाठी विंडोजच्या खाली गुपचूप हायपर-व्ही हा हायपरवायझर बसलेला असतो.

हायपर-व्हीने मात्र एक प्रांजळ गोष्ट केली आहे. २०१८पासून घरगुती विंडोजमध्ये कोण कुठे बसवायचं, हा निर्णय तो स्वतः घेत नाही; वरच्या मुख्य विंडोजवर सोपवतो, कारण कामांची थोडीफार जाण त्या विंडोजला आहे. अर्थात इतर पाहुण्यांची बंद पाकिटं विंडोजच्याही हातात बंदच येतात. मग वाढपीही ओळखतो आणि भूकही जाणतो, असा या घरात कोणी आहे की नाही? एक आहे : यंत्र सांभाळणारा माणूस. अमक्या पाहुण्यात डेटाबेस आहे आणि तमक्यात नुसता रात्रीचा बॅकअप, हे त्याला माहीत असतं. तो यादी काढतो, डेटाबेसचे आभासी कोअर दांडग्या कोअरना बांधतो, बॅकअपला काटकसऱ्यांकडे धाडतो. याला ‘पिनिंग’ म्हणतात. तंत्राच्या पुस्तकांत हा भाग शेवटी, जरा संकोचाने येतो, कारण पन्नास वर्षांच्या संशोधनानंतर निघालेलं उत्तर आपल्या ओळखीचं आहे. सगळे वाढपी सारखेच, हे यजमान जाहीरपणे म्हणत राहतो. नवरदेवाच्या ताटाशी मात्र कोण उभं राहणार, हे मुदपाकखान्यातल्या एका माणसाने आदल्या दिवशीच ठरवलेलं असतं. मराठीत याला वशिला म्हणतात, आणि तो लावायला कोअर नव्हे, माणूस ओळखीचा लागतो.